दोनशे जणांच्या यादीत

आठवडाभर कॉलेजच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे. भारतात कंपनीला प्रायव्हेट प्लेसमेंटनं, म्हणजे निवडक लोकांना खासगीत शेअर विकून, भांडवल उभारायचं तर आर्थिक वर्षात २०० जणांच्या पुढे जाता येत नाही, हा म्हणे अजून लायसन्सराजच. “तुमच्या अमेरिकेत बघ, कुणाकडूनही पैसे घ्या!” हे मला उद्देशून.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एकोणीस वर्षं काढून सांगतो, इथे कुणाकडूनही घेता येत नाहीत. शेअरविक्रीच्या सरकारी नोंदणीतून सूट हवी म्हणून ५०६ (ब) नियमाखाली शेअर विकले, तर जाहिरात करता येत नाही, आणि ‘ॲक्रेडिटेड’ नसलेले गुंतवणूकदार फार तर ३५. ॲक्रेडिटेड म्हणजे वर्षाला २ लाख डॉलरच्या वर कमावणारा, नवरा-बायकोचे मिळून ३ लाख, नाहीतर राहतं घर सोडून १० लाखांच्या वर निव्वळ मालमत्ता असलेला. अशा माणसाला आपलं बरंवाईट कळतं, असं कायदा धरून चालतो. पगारावरून शहाणपण ठरवणं मला पटत नाही.

कारण तो शहाणा मीच होतो. २०१६ साली ओळखीतल्या एका कंपनीत पैसे घातले. फॉर्मवर ‘ॲक्रेडिटेड’च्या चौकटीत खूण केली, झालं. पुढे दोनदा नवे शेअर निघाले, मला कुणी विचारलं नाही, माझा हिस्सा घटत गेला. वकील म्हणाला, डेलावेअर राज्याच्या कंपनी कायद्यात जुन्या भागधारकाला नव्या शेअरांवर आपोआप पहिला हक्क नसतो. कंपनीच्या सनदेत असेल किंवा करारात मागून घेतला असेल तरच. मी मागितला नव्हता.

आपल्या भारतातल्या कंपनी कायद्याच्या कलम ६२ मध्ये तो हक्क आधीपासून आहे. बाहेरच्याला शेअर द्यायचे तर विशेष ठराव हवा, म्हणजे विरोधी मतांच्या निदान तिप्पट मतं. तेवढी मतं प्रवर्तकांकडेच असतात, असं ग्रुपवर एकजण म्हणाला. असतील. पण नोटीस तरी पाठवावी लागते! सांगलीला अण्णांकडे राइट्स इश्यूचा, म्हणजे जुन्या भागधारकांना आधी देऊ केलेल्या नव्या शेअरांचा, लिफाफा यायचा. पाच-दहा शेअरांचाच प्रश्न असायचा, तरी ते चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचायचे. “आधी आपल्याला विचारलंय,” म्हणायचे.

आणि २०० च्या मर्यादेला नावं ठेवणारे सहारा विसरले का? दोन कंपन्यांनी जवळपास ३ कोटी लोकांकडून सुमारे २४ हजार कोटी रुपये गोळा केले आणि त्याला खासगी विक्री म्हटलं. तेव्हाची रेघ ५० जणांची होती. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पैसे व्याजासह परत करायला सांगितलं. २०० ची मर्यादा त्यानंतरची, २०१३ च्या कायद्याखालच्या नियमांतली.

हे सगळं मी ग्रुपवर तावातावानं लिहिलं. लिहिलं नाही ते हे, की पुण्यातल्या भाच्याची कंपनी आता भांडवल उभारते आहे आणि परवा त्याचा फोन आला, “मामा, यादीत तुझं नाव घातलंय.” ऑफर लेटरही आलं आहे, त्यावर माझं नाव आणि अनुक्रमांक. अर्जात पत्ता लिहायचा आहे. एडिसनचा लिहावा लागेल. दोन दिवस झाले, तो रकाना रिकामा आहे. सांगलीच्या गावभागातल्या घराचा पिनकोड मात्र मला तोंडपाठ आहे.