सतरा वर्षांच्या पोरीला राग येत नाही का?

पुस्तकभर आपण पानं उलटत राहायची, आता काहीतरी होईल, आता होईल म्हणत. आणि खरोखर व्हायची वेळ आली की नायिका बेशुद्ध! अहो, गोष्ट तीच सांगतेय. 'मी'ने लिहिलेलं पुस्तक आहे, दुसरं कुणी सांगायला नाहीच. आणि ऐन मारामारीत तिचे डोळे मिटतात, नीट शुद्धीवर येते ती थेट हॉस्पिटलात. खलनायकाचं काय झालं? मेला. कसा? बाकीच्यांनी निपटवला, हे तिला खाटेवर पडल्या पडल्या दुसऱ्याच्या तोंडून कळतं. म्हणजे मलाही तसंच कळतं. पाचशेच्या आसपास पानं वाचून मला काय मिळालं, तर सांगोवांगी!

स्टेफनी मायरच्या 'ट्वायलाइट'बद्दल बोलतेय मी, व्हॅम्पायरच्या प्रेमात पडणाऱ्या मुलीच्या कादंबरीबद्दल. हो, 2005चं पुस्तक, जगाचं वाचून झालंय, सिनेमेही येऊन गेले. माझ्या बरोबरीच्या मुली हे वाचत होत्या तेव्हा माझ्या डोक्यावर सीएचे पेपर होते. आता भाचीने हातात कोंबलं, "मावशी, वाच, रडशील." रडू काही आलं नाही. दात-ओठ मात्र भरपूर खाल्ले.

आधीच सांगते, व्हॅम्पायरला माझी ना नाही. उन्हात त्याची कातडी हिऱ्यासारखी चमकते म्हणून लोक एवढे हसले, मला त्यात काहीच खटकलं नाही. झाडावर लटकलेलं प्रेत राजाच्या खांद्यावर बसून त्याला कोडी घालतं, असल्या गोष्टी ऐकत वाढलेली माणसं आपण. चमकू दे बापड्याला. माझा विश्वास बसत नाही तो नायिकेवर, बेलावर. ती जिवंत मुलगी आहे म्हणे.

आणि वाईट याचं वाटतं, की सुरुवात चांगली आहे हो! आईने दुसरं लग्न केलंय, बेसबॉल खेळणाऱ्या माणसाशी. त्याच्या फिरतीपायी आईची ओढाताण नको म्हणून पोरगी फिनिक्सचं ऊन सोडून वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स नावाच्या सदा पावसाळी गावात बापाकडे येते. बाप तिथला पोलीस चीफ, अबोल, इतकी वर्षं एकटा राहिलेला. मनात ती त्याला बाबा म्हणत नाही, 'चार्ली' म्हणते. त्याने तिच्यासाठी एक जुना लाल ट्रक घेऊन ठेवलाय. एवढ्यावर अख्खी कादंबरी उभी राहिली असती. मी वाचत होते, मजेत वाचत होते.

मग एके सकाळी रस्त्यावर बर्फाची काच झालेली असते. ही शाळेत सुखरूप पोचते आणि उतरल्यावर तिला दिसतं, की ट्रकच्या चाकांना साखळ्या बांधल्यात. बापाने पहाटे उठून, न बोलता, न सांगता बांधल्यात. तिचा गळा दाटून येतो. माझाही आला. म्हटलं, आहे, या बाईंना लिहिता येतं!

आणि पुढच्याच क्षणाला काय होतं? एक व्हॅन घसरत येते, आपला हिरो, तोच व्हॅम्पायर, एडवर्ड, हाताने ती व्हॅन अडवतो, आणि बापाच्या साखळ्या गेल्या त्या गेल्याच. सगळ्या पुस्तकात प्रेमाचा एक खरा प्रसंग होता, तो अर्ध्या पानात उरकला, कारण एडवर्डला एन्ट्री घ्यायची होती.

त्यानंतर बेला नावाची कुणी उरतच नाही. तिला पुढे काय शिकायचंय, काय आवडतं, कशाची चीड येते, काही पत्ता नाही. सुरुवातीला ब्राँटे-ऑस्टिन वाचते म्हणून सांगितलंय, ठीक. बाकी ती बापासाठी स्वैपाक करते, कपडे धुते आणि पडते. सपाट जमिनीवर पडते, जिमच्या तासाला पडते. पडणं हाच तिचा स्वभाव. शाळेत जेसिका आहे, माइक आहे, अँजेला तर चांगली समजूतदार मुलगी दिसते, पण यांच्याशी बेला कधी मनातलं बोलत नाही. ती त्यांना टाळत असते, कारण जेवणाच्या सुट्टीत एडवर्ड बसतो त्या पलीकडच्या टेबलाकडे बघायचं असतं. सतराव्या वर्षी मैत्रिणीला न सांगता कुणी प्रेमात पडतं का? अर्धी मजा तर त्या सांगण्यात असते!

आता तो प्रसंग, ज्यावर मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. एडवर्ड तिला शांतपणे सांगतो, की तो रात्री तिच्या खोलीत येतो. ती झोपलेली असताना. तिच्या नकळत. जवळजवळ रोज. ती झोपेत बोलते ते ऐकतो. यावर ही काय विचारते? "तू काय ऐकलंस?" तुला आत यायला कुणी सांगितलं, हे नाही विचारत. त्याने काय ऐकलं याची हिला लाज! आणि पलीकडच्या खोलीत कोण झोपलाय? पोलीस चीफ!

आपल्याकडे मुलीचा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा व्हायला 2013 साल उजाडावं लागलं. भारतीय दंड संहितेत तेव्हा 354 ड हे कलम आलं, आता न्याय संहितेत ते 78 आहे. त्याआधी आणि नंतरही आपल्या सिनेमांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवलं, मागे लाग, शेवटी पोरगी हसते. त्याला कंटाळून मी बाहेरचं काही वाचायला घ्यावं, तर तिथे हाच प्राणी, फक्त रंगाने गोरा आणि पियानो वाजवणारा.

वयाचं तर बोलायलाच नको. हा जन्मला 1901 साली. 1918च्या स्पॅनिश फ्लूत मरता मरता व्हॅम्पायर झाला. म्हणजे शंभरी ओलांडलेला माणूस अकरावीच्या बायॉलॉजीच्या वर्गात बसून कांद्याच्या मुळाच्या पेशी बघतोय, शेजारी बसलेल्या मुलीवर भाळतोय, आणि ही म्हणते किती प्रगल्भ! असणारच की. तुझ्या पणजोबांच्या वयाचा आहे तो.

या पुस्तकावर बोलायला लागलं की काही पुरुषमंडळी लगेच टाळ्या वाजवत येतात, "बायकांची पुस्तकं अशीच." तुम्ही बसा बाजूला. गुप्तहेराच्या मागे दर तीस पानांनी नवी बाई लावणारी पुस्तकं तुम्ही प्रवासात चवीने वाचता, तेव्हा मी काही बोलले नाही. मला प्रेमकथा आवडतात, म्हणूनच मी चिडलेय. ज्याला आवडत नाहीत त्याचं काय गेलं?

आणि पोरवयातलं प्रेम लिहिता येतच नाही असं कुणी मला सांगू नये. याच्या जेमतेम एक वर्ष आधी, 2004 साली, मिलिंद बोकीलांची 'शाळा' आली. नववीतला जोशी, त्याची शिरोडकर, बाहेर आणीबाणी. प्रेम म्हणजे काय तर नजर, एखादं वाक्य, रस्त्यावर दिसते का ते बघणं. पण जोशीच्या डोक्यात त्याच वेळी मित्र आहेत, मास्तर आहेत, घरची बोलणी आहेत, पकडले गेलो तर याची भीती आहे. म्हणून त्याचं झुरणं खरं वाटतं. झुरायला आधी तो आहे. बेला झुरते, पण झुरतंय कोण? आत कुणी नाहीच!

लेखिकेवर हीच टीका खूप झाली, बेला म्हणजे सदा वाचवायला लागणारी अबला. तर 2015मध्ये पहिल्या पुस्तकाच्या दहाव्या वाढदिवसाला स्टेफनी मायरबाईंनी मुलगा-मुलगी उलटवून तीच गोष्ट पुन्हा लिहिली. मुलगा माणूस, मुलगी व्हॅम्पायर. का, तर बेला बाई म्हणून दुबळी नाही, व्हॅम्पायरांपुढे कुठलाही माणूस दुबळाच. बरं. पण दुबळेपणाबद्दल भांडतंय कोण? दुबळी असू दे, पण चिडू दे ना एकदा तरी मनापासून! खोलीत चोरून येणाऱ्याला विचारू दे, तू कोण रे?

भाची म्हणते, मावशी, पुढच्या भागांत बघ, ती बदलते. दुसऱ्या भागात तो तिला सोडून जातो, तर ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी अशी नुसती महिन्यांची नावं छापलेली कोरी पानं. चार महिने बाईच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही नाही! काहींना ही फार मोठी कलात्मक युक्ती वाटते. मला वाटलं, निदान इथे लेखिका खरं बोलली.

आणि तिसऱ्या भागात, तिने दुसऱ्या मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून एडवर्ड तिच्या ट्रकच्या इंजिनातला पार्ट काढून ठेवतो. तिच्या भल्यासाठी. तोच ट्रक, ज्याच्या चाकांना चार्लीने पहाटे उठून साखळ्या बांधल्या होत्या. आता म्हणे मी चौथ्या भागापर्यंत कळ काढायची, तेव्हा कुठे मला त्याचं प्रेम समजेल. गेला उडत!