ब्रोकर बदलायला शेअर विकावे लागत नाहीत

ब्रोकर बदलायचा असेल तर आधी सगळे शेअर विकून पैसे बचत खात्यात घ्यावेत, असा सल्ला एका लेखात वाचला. तो कृपया तसाच्या तसा उचलू नका. शेअर ब्रोकरच्या मालकीचे नसतात, ते सीडीएसएल किंवा एनएसडीएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थांमध्ये आपल्या नावावर असतात. नव्या ब्रोकरकडे त्याच नावाने, त्याच पॅनवर डीमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, उघडायचं आणि जुन्याकडे खातं बंद करून शेअर तिकडे वळवायचा अर्ज द्यायचा. ही विक्री नाही, त्यामुळे कर नाही. विकलेत तर मात्र वर्षाच्या आतल्या नफ्यावर २० टक्के, त्याहून जुन्या शेअरांच्या सव्वा लाखापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के!

आईचं खातं मी असंच हलवलं. सही जुळेना म्हणून अर्ज एकदा परत आला, बाकी शेअर सगळे नीट पोचले. फक्त खरेदीच्या किमती नव्या ॲपवर दिसेनात. जुनी विवरणं आधीच उतरवून घेतली होती म्हणून निभावलं, तुम्हीही घ्या.

घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे, मुलांची फी, हे बँकेतच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण एका बँकेतल्या ठेवींवर व्याजासकट ५ लाखांपर्यंतच विमा असतो. पीएमसी या सहकारी बँकेत लोकांचे पैसे अडकले तेव्हा, २०१९ मध्ये, ही मर्यादा १ लाखच होती. शेअर विकून आलेली मोठी रक्कम एकाच सहकारी बँकेत टाकणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.