‘घरात आजी असताना गट कशाला?’

गेले काही आठवडे अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका साध्या मागणीवरून वाद चालला आहे. लहान मुले असलेल्या काही तरुण आयांनी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीला विनंती केली, की दर गुरुवारी सकाळी दोन तास चर्चमागचा हॉल आम्हाला द्यावा. आम्ही मुलांना घेऊन बसू, थोडी प्रार्थना करू, एकमेकींशी बोलू, चहाचे आमचे आम्ही पाहू. त्यावर एका वडीलधाऱ्यांनी विचारले, की महिला मंडळ असताना हा वेगळा सुभा कशासाठी? दुसऱ्यांनी लिहिले, की हे इंग्लंड-अमेरिकेचे फॅड आहे, तिकडे घरात माणूस नसते म्हणून बायकांना गट लागतात, आपल्या घरात आजी असताना गट कशाला? तिसऱ्यांना हॉलच्या भाड्याची काळजी वाटली. चौथ्यांनी अशी भीती घातली, की शेजारपाजारच्या हिंदू बायका मुले घेऊन आल्या तर धर्मांतराचा आरोप आपल्यावर येईल. मी इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये राहते; तिथून मी त्या आयांच्या बाजूने लिहिले, तेव्हा मला उत्तर मिळाले, की तुम्ही तिकडे सुखात आहात, इथले आम्हाला ठरवू द्या.

यातले आजीचे उत्तर मला सर्वांत जास्त लागले, कारण माझ्या घरात आजी होती. थोरलीच्या जन्माच्या वेळी माझ्या सासूबाई व्हिसाची मुदत संपेपर्यंत इथे राहिल्या. त्यांनी अळिवाचे लाडू केले, बाळाला तेल लावून न्हाऊ घातले, मला वेळेवर जेवू घातले, आणि त्यांच्या मायेविषयी माझी कधीही तक्रार असणार नाही. तरीही हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळ-बाळंतिणीला घरी येऊन भेटणाऱ्या परिचारिका, आल्या आणि त्यांनी बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठीची दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली माझ्या हातात दिली, तेव्हा शेजारच्या खोलीत सासूबाई अंगाई म्हणत होत्या आणि मी प्रत्येक प्रश्नाला सर्व ठीक असल्याचे उत्तर देत गेले. बाळाकडे पाहून मला काहीच वाटत नाही, हे वाक्य त्या घरात उच्चारता येण्यासारखे नव्हते. ज्या बाईने आपल्याच नातीसाठी समुद्र ओलांडला, तिच्यासमोर ते बोलणे क्रूरपणाचे झाले असते. आजी घरात असणे आणि आजीजवळ मन मोकळे करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या वडीलधाऱ्यांपैकी एकालाही हा फरक सुचलेला नाही, याचे मला दुःख आहे.

ख्रिस्ती घरात त्यावर आणखी एक ओझे असते. मूल ही परमेश्वराची देणगी आहे, असे १२७ वे स्तोत्र सांगते. बाप्तिस्म्याच्या दिवशी सगळी मंडळी उभी राहून आभार मानते. आणि अशा वेळी जिला रडू आवरत नाही तिला वाटू लागते, की आपला विश्वासच कमी पडतो आहे. पाळकीणबाईंना सांगितले, तर त्या प्रेमाने प्रार्थना वाढवायला सांगतात. प्रार्थना वाढवावीच, परंतु बाळंतपणानंतरचे नैराश्य हा आजार आहे. ब्रिटनमधल्या माता-मृत्यूंच्या अहवालांत बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपासून वर्षभरापर्यंतच्या काळातील मृत्यूंच्या प्रमुख कारणांमध्ये आत्महत्येची नोंद वारंवार होते. म्हणूनच हा गट निव्वळ आयांचा असून पुरत नाही, असे मला वाटते. विश्वासामुळे जी टोचणी लागते, ती विश्वास ठेवणाऱ्या दुसऱ्या आईनेच काढावी लागते.

मला ती आई इथल्या एका चर्चच्या हॉलमध्ये भेटली. दोन पौंड डब्यात टाकायचे, बाळाची ढकलगाडी दाराशी लावायची, मुलांना खेळण्यांत सोडून गोल खुर्च्यांत बसायचे, साडेदहाला स्क्वॉश आणि बिस्किटे, शेवटी गाणी आणि एक लहानशी प्रार्थना, शाळांच्या हाफ-टर्मला, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीत, गटालाही सुट्टी. यात डोळे दिपावे असे काहीही नाही. तिथे चहाच्या पाळीवर एक निवृत्त मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) असत. एका गुरुवारी त्यांनी माझे मूल घेतले, मला चहा दिला आणि त्यांच्या दुसऱ्या मुलानंतरच्या हिवाळ्याविषयी त्या स्वतःहून बोलू लागल्या: त्यांना चर्चमध्ये जावेसे वाटत नसे, देवाचा राग येई, आणि तरीही देवाने त्यांना सोडले नव्हते. पुढच्या आठवड्यात मी हेल्थ व्हिजिटरना फोन केला आणि त्या दहा प्रश्नांची खरी उत्तरे दिली. उपचार डॉक्टरांनी केले, परंतु दवाखान्याच्या दारापर्यंत मला त्या हॉलने नेले.

ज्याला फॅड म्हटले जात आहे, त्याला आता दीडशे वर्षे होत आली. १८७६ साली हॅम्पशायरमधील ओल्ड ऑल्रेसफर्ड या खेड्यात तिथल्या रेक्टरची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, पत्नी मेरी समनर हिने गावातल्या आयांना एकत्र बोलावले. तिची मुलगी नुकतीच आई झाली होती, आणि पहिले मूल हातात आले तेव्हा आपण स्वतः किती गांगरलो होतो, हे तिला आठवले. पहिल्या सभेत ती इतकी घाबरली, की तिच्या तोंडून शब्द फुटेना, आणि पुढच्या आठवड्यात या, असे सांगून तिने बायकांना परत पाठवले. त्यातून मदर्स युनियन उभी राहिली, जिचे आज जगभर चाळीस लाखांच्या आसपास सभासद आहेत आणि त्यांतले बहुसंख्य इंग्लंडमध्ये नसून आफ्रिकेत आहेत. जमीनदाराची बायको आणि मजुराची बायको एकाच खोलीत बसवणे हे तिने त्या काळात साधले. या संस्थेने घटस्फोटित स्त्रियांना १९७० च्या दशकापर्यंत दूर ठेवले, हेही खरे आहे, आणि आमच्या आयांनी ती चूक पहिल्या दिवसापासून टाळावी. अमेरिकेत १९७३ साली कोलोरॅडोमध्ये शाळेआधीच्या वयाच्या मुलांच्या आयांसाठी जी संस्था सुरू झाली, तिची रीत थोडी वेगळी आहे: मुले शेजारच्या खोलीत कोणीतरी सांभाळते, आया निवांत बसतात आणि त्यांच्यासोबत एक वयाने मोठी, मुले वाढवून झालेली बाई असते. आमच्या मंडळीला मला ही दुसरी रीत सुचवावीशी वाटते, कारण त्यात महिला मंडळातील बायकांना मानाची जागा आहे.

महिला मंडळाविषयी मी आदरानेच लिहीन. माझी आई त्याची चिटणीस होती. मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा जागतिक प्रार्थना दिन, कापणीच्या सणाची वर्गणी, आजाऱ्यांच्या भेटी, शोक झालेल्या घरी जेवण पोचवणे, हे सगळे त्या बायकांनी केले नसते, तर मंडळी टिकली नसती. परंतु त्या सभेत अध्यक्षा असते, मागील सभेचा वृत्तांत असतो, शास्त्रवाचन असते, आणि मूल रडू लागले की सगळ्यांच्या नजरा आईकडे वळतात. आई मूल घेऊन पायऱ्यांवर जाऊन बसते आणि पुढच्या महिन्यात येत नाही. शिवाय तिथे तिची सासू असते, सासूची मैत्रीण असते, नणंदेची शिक्षिका असते. तिथे ती अमक्याची सून म्हणून बसते. गुरुवारच्या खोलीत ती दात येणाऱ्या मुलाची आई म्हणून बसेल, इतकेच तर त्या मागत आहेत.

आणि ज्या आजीचे नाव घेऊन नकार दिला जातो आहे, ती आजी तरी आता पूर्वीसारखी घरी असते का? आमच्या मंडळीतील कितीतरी बायका परिचारिका आहेत, शिक्षिका आहेत. आजीच अजून ड्यूटीवर असते, किंवा गावी शेतावर असते आणि सून एमआयडीसीजवळच्या दोन खोल्यांत. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर कायद्यात आले. पण लहान खासगी दवाखान्यात किंवा विनाअनुदानित शाळेत काम करणाऱ्या आमच्या मुलींना ते प्रत्यक्षात किती मिळते, हे कमिटीतील सदस्यांनी आपल्याच सुनांना विचारावे. इंग्लंडमध्येही सरकारने सगळे केले, असे नाही. १९९९ पासून उभी राहिलेली शुअर स्टार्टची, म्हणजे लहान मुलांच्या कुटुंबांना मदत करणारी सरकारी, केंद्रे २०१० नंतर पैशांअभावी एकामागून एक बंद झाली, आणि जिथे ती बंद झाली तिथल्या अनेक आयांना चर्चचे हॉलच उरले.

धर्मांतराच्या आरोपाची भीती मात्र मी हलकी मानत नाही. राज्यात त्याविषयीच्या कायद्यावरून वाद आहे, देशात अनेक ठिकाणी प्रार्थनासभांवर जमाव चालून गेले आहेत, आणि स्विंडनमध्ये बसून धैर्य शिकवणे सोपे आहे, हे मला कळते. इथल्या गटात निम्म्या आया चर्चला जात नाहीत, काही मुस्लिम आहेत, आणि त्यावर कोणी भुवई उंचावत नाही. तिकडे सुरुवात मंडळीतल्याच आयांपासून करावी, दार उघडे ठेवावे, कोणालाही बोलावायला जाऊ नये. एवढी काळजी रास्त आहे. परंतु आपल्याच बाप्तिस्मा झालेल्या मुलींना आपल्याच हॉलमध्ये बसू न देण्यासाठी ही भीती पुढे करणे मला पटत नाही.

माझ्या घरापासून गाडीने पाऊण तासाच्या आत वाँटेज हे गाव आहे. १८८३ साली पंडिता रमाबाई तिथल्या सेंट मेरी द व्हर्जिन या मठातील भगिनींकडे (ख्रिस्ती जोगिणींकडे) येऊन राहिल्या, तेव्हा त्या विधवा होत्या आणि त्यांच्यासोबत त्यांची दोन वर्षांची मुलगी मनोरमा होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्या भगिनींनी त्यांना निवारा दिला, शिक्षणाची सोय केली, मुलीवर जीव लावला. आणि त्याच भगिनींशी, विशेषतः सिस्टर जेराल्डिनशी, मनोरमेला काय शिकवावे आणि कोणी शिकवावे यावरून रमाबाईंचे तीव्र मतभेद झाले. त्या पत्रव्यवहारातील रमाबाई मला जवळच्या वाटतात. उपकारांची जाणीव त्यांच्या प्रत्येक ओळीत आहे, आणि तरीही माझ्या मुलीविषयी शेवटचा शब्द माझा, हे त्या सोडत नाहीत. पुढे पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचलेल्या शेकडो बायका आणि मुले त्यांनी एका छताखाली आणली. आयांनी आणि मुलांनी ख्रिस्ताच्या नावाने एकत्र राहणे मराठी मातीला परके आहे, असे म्हणणाऱ्यांनी एकदा केडगावला जाऊन यावे.

रमाबाईंची ती कोंडी मला कळते, कारण गुरुवारच्या हॉलमध्ये मी कृतज्ञ होते, पण घरी नव्हते. मिडवाइफबाईंपाशी मी जे बोलले ते इंग्रजीत बोलले, आणि इंग्रजीत बोलल्यामुळेच कदाचित बोलू शकले. माझ्या मुली जेवणाआधीची प्रार्थना इंग्रजीत शिकल्या. ‘उपासना संगीत’ हे आमचे मराठी गीतांचे पुस्तक त्यांना वाचता येत नाही. या गावात गोव्याचे लोक खूप आहेत; हॉलमध्ये त्यांच्यातल्या आया आल्या, की मी त्यांच्या शेजारची खुर्ची धरत असे, कारण त्यांची कोंकणी आणि माझी मराठी मुलांना दटावण्यापुरती तरी एक होत असे. परंतु त्या कॅथलिक, त्यांचे फेस्त, त्यांची मिस्सा, त्यांचे नातेवाईक दोन गल्ल्यांत पसरलेले; मी त्यांच्यातलीही नव्हते. भारतात मराठी ख्रिस्ती म्हटले, की लोक विचारतात, तुम्ही मूळच्या कोण. इथे मराठी ख्रिस्ती म्हटले, की विचारतात, गोव्याच्या का? हे दोन्ही प्रश्न जिथे मला कोणी विचारत नाही, अशी एकच जागा पृथ्वीवर आहे, आणि तिच्याच हॉलविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही, असे मला सांगण्यात आले आहे.

तो अधिकार मी सोडणार नाही. माझा बाप्तिस्मा त्या मंडळीच्या रजिस्टरात आहे, माझी वर्गणी आजही तिथे जाते, आणि सुखात असल्याचा ठपका मी जरूर स्वीकारीन, कारण त्या सुखाचा मोठा भाग मला एका चर्चच्या हॉलमध्ये, परक्या बायकांकडून मिळाला आहे. आपल्या बायकांकडून तो आमच्या मुलींना का मिळू नये, याचे उत्तर कमिटीने द्यावे. आज त्या कमिटीत चाळिशीच्या आतील एकही स्त्री नाही. येत्या सभेत मागणी करणाऱ्या आयांना मुलांसह आत बोलवावे, महिला मंडळातील दोघी-तिघींनी आळीपाळीने गुरुवारी यायचे ठरवावे, आणि भाड्याचा जो काही तोटा होईल तो दर महिन्याला मी भरीन, हे मी ग्रुपवर लिहून दिले आहे. नाताळात आम्ही तिकडे येऊ तेव्हा धाकटीला घेऊन मला त्या खोलीत बसायचे आहे. ही मागणी मी केवळ त्यांच्यासाठी करते आहे, असे मी म्हणणार नाही.