लोकप्रशासनात पैकीच्या पैकी

लोकप्रशासन विषय घेतलात, फार शहाणपणा केलात. सिलॅबस आटोपशीर आहे, मार्क बऱ्यापैकी पडतात, आणि अर्ध्या गोष्टी सामान्य अध्ययनातही चालून जातात. आता एवढंच सांभाळा की तुमचं गाव आणि तुमचा अभ्यास यांची कुठेही गाठ पडता कामा नये.

सुरुवात पंचायत राजच्या समित्यांपासून करा. बलवंतराय मेहता 1957, वसंतराव नाईक 1960, बोंगिरवार 1970, पी. बी. पाटील 1984. चालीवर म्हटलं की पाठ होतं. 73वी घटनादुरुस्ती पंचायतींची, अकरावी अनुसूची, विषय 29. 74वी नगरपालिकांची, बारावी अनुसूची, विषय 18. या 29 पैकी तुमच्या ग्रामपंचायतीकडे प्रत्यक्षात किती विषय, माणसं आणि पैसे आले, असल्या भानगडीत पडू नका. तो प्रश्न बहुपर्यायी होत नाही.

मग अमेरिकन प्रशासनतज्ज्ञ गुलिकचं 'पोस्डकॉर्ब', म्हणजे प्रशासकाच्या कामांची इंग्रजी आद्याक्षरं. नियोजनापासून सुरू होतं आणि शेवटचं अक्षर 'बी', म्हणजे बजेटिंग. शेवटी आलंय याचा अर्थ ओळखा. परीक्षेच्या आदल्या रात्री बघायचं.

बजेटच्या प्रकरणात शून्याधारित अर्थसंकल्प येईल. दरवर्षी प्रत्येक खर्चाचं समर्थन शून्यापासून करायचं, अशी ती कल्पना. महाराष्ट्राने 1986 साली तिचा प्रयोग केला, हेही लिहा, एक मार्क जास्त मिळेल. फक्त गावात जाऊन नमुना 1 मागू नका. ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे एकूण 33 नमुने असतात आणि त्यातला पहिलाच अर्थसंकल्पाचा. तो मुदतीच्या आत पंचायत समितीकडे जायचा असतो, म्हणून मुदतीच्या दोन दिवस आधी मागच्या वर्षीची फाईल उघडतात आणि प्रत्येक आकड्याला थोडं तूप लावतात. शून्याचा आधार फक्त घरपट्टीच्या वसुलीला असतो.

स्वउत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी, ही टक्केवारीही पाठ करा. मुळात उत्पन्न किती, हे विचारलंत की टक्केवारीची मजा जाते. पंधराव्या वित्त आयोगाचंही तसंच. 2021 ते 2026 या काळातला 60 टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेला अबंधित. 'स्थानिक स्वायत्तता' या प्रश्नाच्या उत्तरात हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी छान दिसतात.

आता ग्रामसभा. जायचं नाही. मी एकदा गेलो होतो, एमएच्या प्रकल्पासाठी, आणि ती चूक अजून निस्तरतोय.

1 मेचा दिवस होता. ध्वजवंदन झालं आणि शाळेच्या व्हरांड्यात सभा सुरू झाली. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातला कमी असेल तो आकडा लागतो. त्याची सोय आधीच झाली होती. त्याच दिवशी शाळेचा निकाल होता. प्रगतिपुस्तक घ्यायला आलेला प्रत्येक पालक उपस्थितीच्या वहीत सही करून घरी जात होता. काहींना ती सही निकालाचीच वाटत होती. आणि नसती झाली गणपूर्ती तरी कुणाचं अडलं नसतं. तहकूब होऊन पुन्हा भरलेल्या सभेला गणपूर्ती लागतच नाही. कायदा केवढा समजूतदार आहे बघा.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी जमाखर्च वाचायला घेतला. सत्यनारायणाच्या पाचव्या अध्यायाचा वेग होता, समोरचे अधूनमधून माना हलवत होते. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "भाऊसाहेब, पाण्याच्या मोटरीचं बिल भरलं का? तीन दिस झालं नळाला पाणी न्हाई."

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "आजी, ते आयत्या वेळच्या विषयांत घेऊ."

आयत्या वेळचे विषय आले तेव्हा आजी घागर घेऊन विहिरीवर गेल्या होत्या. विषय सर्वानुमते संपला.

आजींचं काय चुकलं, हे नीट समजून घ्या. त्यांनी गुलिक वाचलेला नाही. त्यामुळे महसुली खर्च, प्राधान्यक्रम, उत्तरदायित्व हे तीन वेगवेगळे धडे त्यांनी एकाच वाक्यात कोंबले, तेही व्याख्या न देता. अशा उत्तराला मार्क कुठून द्यायचे?

मी ही हकीकत प्रकल्पात घातली. मार्गदर्शकांनी ती लाल पेनाने खोडली आणि शेजारी लिहिलं, "सैद्धांतिक चौकट?" मग मी रिग्ज हा अमेरिकन प्रशासनतज्ज्ञ घातला. थायलंड आणि फिलिपिन्स पाहून त्याने विकसनशील देशांच्या कारभाराचं 'साला प्रतिमान' मांडलं. हे नाव उच्चारलं की आमचा वर्ग खिंकाळायचा. कागदावरचा नियम एक आणि चालणारा कारभार दुसरा, या रोगाला त्याने औपचारिकता म्हटलं. बँकॉकवर दोन पानं लिहिली. व्हरांडा गेला, आजी गेल्या, प्रकल्प पास झाला.

म्हणून तुमच्या प्रकल्पासाठी सोपा मार्ग सांगतो. शीर्षक 'ग्रामपंचायतीच्या अर्थसंकल्पाचा चिकित्सक अभ्यास'. प्रश्नावली 50 जणांची, हॉस्टेलच्या तीन खोल्यांत एका संध्याकाळी भरून होते, पेनं मात्र वेगवेगळी वापरा. शिफारशी आधी टाईप करून ठेवा: निधी वेळेवर मिळावा, लोकसहभाग वाढवावा, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावं. गाव कुठलंही असो, या लागू पडतात. मागच्या वर्षीच्या मुलांच्याही याच होत्या, आणि त्यात थोडं तूप लावायला हरकत नाही. ही पद्धत तुम्ही वर कुठे वाचलीत, ते आठवू नका.

तोंडी परीक्षेत एखादा बाहेरचा परीक्षक गमतीने विचारेल, "तुमच्या घराची घरपट्टी किती हो?" गोंधळू नका. नम्रपणे सांगा, "सर, ते वडील बघतात." तो हसेल आणि सही करेल. त्याच्या घरी ते मिसेस बघतात.