पटकीत पाणी बंद करू नका

पाऊस लागला की आमच्या मालवणकडे दरवर्षी एक व्हॉट्सॲप संदेश फिरतो: 'पटकीचे जुलाब म्हणजे पोटातली घाण बाहेर पडतेय. पाणी पाजलं की वाढतात. दिवसभर पाणी बंद ठेवा, नुसतं कोकमाचं आगळ द्या, जंतू मरतात. व्हाळाचं वाहतं पाणी उकळायला नको.'

'घाण' हा शब्दच मुळात चूक आहे. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतो आणि तिथे विष सोडतो. हे विष कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्यात दाखवून दिलं. ते पेशीत शिरलं की क्लोराईडचं दार उघडं ते उघडंच राहतं. क्लोराईड बाहेर पडतं, त्यामागून सोडियम, म्हणजे मिठाचे दोन्ही घटक, आणि त्यांच्या ओढीने पाणी. तांदळाच्या धुवणासारखं जे पडतं ते माणसाच्या अंगातलं पाणी असतं, जोराच्या पटकीत तासाला लिटरभरसुद्धा.

मग पाजलेलं पाणी राहतं का? राहतं. साखर आणि मीठ जोडीने आत घेणारी वाट या विषाने बंद होत नाही, आणि त्या जोडीमागून पाणीही आत येतं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच आधारावर मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं आणि मृत्यूचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. जुलाब लगेच थांबत नाहीत, पण माणूस वाचतो.

आगळाचं म्हणणं अर्धं खरं. आंबट या जंतूला सोसत नाही, जठरातल्या आम्लाने बरेचसे मरतात. पण जे लहान आतड्यात पोचले, त्यांच्यापर्यंत आगळाचा आंबटपणा टिकत नाही.

व्हाळाचं सांगायचं तर वरच्या वाडीतलं शौचाचं पाणी त्याच धारेला मिळतं. वाहतंय म्हणून ते शुद्ध होत नाही. उकळाच.

गेल्या पावसात शेजारच्या आजींना जुलाब लागले आणि हा संदेश वाचून घरच्यांनी पाणी बंद केलं. मी पोचले तेव्हा डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी. गाडी येईपर्यंत सुनेने वाटी धरली, मी चमच्याने पाजत राहिले. दवाखान्यात सलाईन लागलं, तिसऱ्या दिवशी आजी घरी आल्या.

ओआरएसचं पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमचा-चमचा सुरू करा. दवाखान्याच्या वाटेवरसुद्धा पाजत राहा.