तुमचा ख सुटलाय
चिरंजीवांच्या मराठीच्या वहीत परवा लाल शाईत शेरा आला, 'अक्षर सुधारा. आईने लक्ष द्यावे.' आईनेच बरं का. त्याच घरात बाबा म्हणून एक गृहस्थ राहतात, पण त्यांनी लक्ष नाही दिलं तरी चालतंय. असो. वही खोडरबराने खोडून खोडून फाटली होती, म्हणून नवीन आणायला गेले.

दुकानात मी फक्त एवढंच म्हटलं की दादा, पहिलीची दुरेघी वही द्या. शेजारी एक काका उभे होते, त्यांना कुठल्यातरी पेनाची रिफिल हवी होती, जी बनायची बंद होऊन बहुतेक एक पिढी झाली असावी, आणि दुकानदार ती शोधल्यासारखं करत होता. काका रिकामेच होते.

"कुणाचं अक्षर खराब आहे?"

"मुलाचं."

"आणि तुमचं?"

मला वाटलं गंमत करतायत, म्हणून हसले. ते हसले नाहीत. पेन चालतंय का बघायला काउंटरवर पॅड ठेवलेलं असतं ना, ज्यावर अख्ख्या गावाने गोल गोल काढलेले असतात, ते त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. "खळखळ लिहा."

आणि मी लिहिलं हो! चाळिशीची बाई, ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं आहेत, पण तो आवाजच असा होता.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "ख सुटलाय तुमचा."

"म्हणजे?"

"र वेगळा, व वेगळा. हे रवळरवळ झालं."

मागच्या बाई वाकून बघून म्हणाल्या, "हो की!" काकांपेक्षा मला ह्या बाईंचाच जास्त राग आलाय.

मग लसूण लिहायला लावलं. "हा दांडीचा ल हिंदीतला. आपला पाकळीचा." आता हे मला माहीत नाही का? मराठी अक्षरं कशी लिहायची याचा शासनाने 2009 मध्ये निर्णय काढला, 2022 मध्ये परत काढला, पाठ्यपुस्तकात पाकळीचा ल छापलेला आहे, पण शाळेच्या ग्रुपवर ज्या वर्कशीट येतात त्या कॉम्प्युटरवर जो फॉन्ट आयता सापडेल त्यात टाइप केलेल्या, म्हणजे दांडीचाच ल, आणि पोरगं विचारतं की आई खरा कुठला. मी काय सांगू?

काका निवृत्त तलाठी निघाले. "माझ्या हातचे सातबारे आजही कोर्टात आहेत!"

"वाचता आले असते तर गेले असते का कोर्टात?"

"ते वाद हद्दीचे आहेत, अक्षराचे नाहीत," काका जराही न हलता म्हणाले. मग पेन्सिल धरायला लावली, अंगठा कुठे चाललाय म्हणाले, पाटीवर गिरवलं होतं का ते विचारलं, ग म भ न पासून सुरुवात केली का ते विचारलं.

इथे मात्र काकांचं बरोबर होतं आणि त्याचाच त्रास होतो. ग आला की थोड्या फरकाने म, भ, न येतात, हाताला एकच वळण लागतं. आमच्या शाळेत क पासून सरळ ओळीने, म्हणजे दुसऱ्याच दिवशी तो ख. पुढे घ आणि ध, म आणि भ यांचा गोंधळ, आणि ज्यांच्याशी जन्मात गाठ पडणार नाही त्या ङ आणि ञ ची पानंच्या पानं. त्यात सकाळी इंग्रजी, जिथे अक्षरं रेघेवर उभी राहतात, आणि दुपारी मराठी, जिथे ती वरच्या रेघेला लटकतात. आमच्याकडे छप्पर वर आणि भाडेकरू खाली जमिनीवर, मध्ये दोन बोटं हवा.

2022 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांनी खेळत खेळत शिकायचं असं लिहिलंय. छान लिहिलंय. घरी रात्री साडेआठला कुकरच्या शिट्ट्या मोजत मी त्याचा हात धरून ळ काढून घेते, त्याची बोटं दुखतात, तो रडतो, मी ओरडते, पान भरतं. वर्गात मुलं एवढी की बाई तरी कुणाकुणाचा हात धरणार, कळतं मला ते. पण मग 'सुधारा' एवढंच लिहून वही घरी पाठवायची, कसं सुधारायचं ते एका ओळीतही नाही, आणि वर ते आईच्या नावावर, हे कसलं शिकवणं?

काकांना रिफिल मिळाली नाहीच. माझा कागद त्यांनी पॅडवरून फाडला, घडी घालून माझ्या हातात दिला, "घरी दहा वेळा काढा" म्हणाले आणि गेले.

दुकानदाराने वही काढली, माझ्याकडे बघितलं आणि अगदी साध्या चेहऱ्याने विचारलं, "ताई, एकच देऊ का दोन?"

मागच्या बाई फिस्सकन हसल्या.