आधी सही केली, कामं नंतर आटली

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाऊजींनी एक लांबलचक मेसेज टाकला. वर ते दोन बाण, म्हणजे शेकडो ग्रुप फिरून आलेला. मथळा: ‘कामं आटली की नट्यांना स्त्रीमुक्ती आठवते.’ उदाहरण कोणाचं, तर देल्फीन सेरिग या फ्रेंच अभिनेत्रीचं. माझी भाची, म्हणजे भाऊजींची लेक, पुण्यात तिच्या कॉलेजच्या फिल्म क्लबात सेरिगने दिग्दर्शित केलेला माहितीपट दाखवणार आहे. त्यासाठी ती महिनाभर मराठी उपशीर्षकं करत बसली आहे. मेसेजखाली भाऊजींनी लिहिलं, ‘बघ, जिच्यासाठी रात्री जागवतेस ती ही अशी.’ पोरीने ग्रुपवर चकार शब्द काढला नाही. रात्री साडेअकराला मला फोन केला, “मावशी, रद्द करू का कार्यक्रम?”

म्हणून हे लिहिते आहे.

मेसेजातला शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो वाचून माझं डोकं फिरलं. त्यात म्हटलंय की 1971 साली 343 बायकांनी ‘आम्ही गर्भपात केला’ असं पेपरात छापून मिरवलं, स्वतःला छिनाल म्हणवून घेतलं, आणि सेरिग त्यांतली एक. प्रसिद्धीसाठी काय वाट्टेल ते!

5 एप्रिल 1971च्या ‘नुव्हेल ऑब्झर्व्हातर’ या फ्रेंच साप्ताहिकात 343 स्त्रियांच्या सह्यांचा जाहीरनामा आला हे खरं आहे. मजकूर स्त्रीवादी लेखिका सिमोन द बोव्हारने लिहिलेला. पण ती शिवी त्यात कुठेही नाही. ती आठवड्याभराने ‘शार्ली एब्दो’ या व्यंगसाप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आली, आणि त्या चित्राचा रोख पुढाऱ्यांवर होता. दुसऱ्याने दिलेली शिवी या बायकांच्या तोंडी घालणाऱ्याने जाहीरनामा उघडूनसुद्धा पाहिलेला नाही.

आणि मिरवणं? फ्रान्समध्ये तेव्हा गर्भपात हा गुन्हा होता. 1943 मध्ये गर्भपात करून देणाऱ्या एका बाईचं डोकं तिथे गिलोटिनखाली उडवलं होतं. त्या देशात स्वतःच्या नावाने गुन्हा कबूल करायचा म्हणजे खटल्याला आणि तुरुंगाला तयार राहायचं. काही सह्या करणाऱ्यांच्या नोकऱ्याही गेल्या. कातरीन दनव्ह, झान मोरो, आन्येस व्हार्दा, देल्फीन सेरिग अशा नावाजलेल्या बायका पुढे आल्या, कारण त्यांना अटक करणं सरकारला जड गेलं असतं. त्यांच्या आड बिननावाच्या बायकांना थोडा तरी आसरा मिळाला.

दीड वर्षात तेच झालं. पॅरिसजवळच्या बोबिन्यीत सोळा वर्षांच्या एका मुलीवर खटला भरला. बलात्कारातून दिवस गेलेले. आई मेट्रोत नोकरीला, महिन्याचा पगार 1500 फ्रँक, आणि डॉक्टरने मागितले 4500. मग आईने ओळखीपाळखीतून जे जमलं ते केलं. पोलिसांत कळवलं कोणी? बलात्कार करणाऱ्या मुलानेच. मुलगी ऑक्टोबर 1972 मध्ये सुटली. नोव्हेंबरात आई आणि तिला मदत करणाऱ्या बायका कोर्टात उभ्या राहिल्या, तेव्हा वकील जिझेल हालिमी यांनी साक्षीला नामवंत माणसं बोलावली. त्यांत नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ होते, बोव्हार होती, आणि देल्फीन सेरिगही होती. त्याच वर्षी तिच्या पॅरिसच्या घरात गर्भपाताची सोपी, कमी धोक्याची पद्धत इतरांना दाखवली गेली. स्वतःच्या घरात हे होऊ देणारी बाई प्रसिद्धीसाठी करत होती म्हणणं मला सहनच होत नाही.

भाऊजींसाठी आणखी एक. त्याच 1971 साली आपल्या संसदेने गर्भपाताचा कायदा केला. ज्या समितीच्या अहवालावर तो उभा राहिला तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. 1 एप्रिल 1972 पासून तो लागू झाला. म्हणजे बोबिन्यीची ती आई कोर्टात उभी होती तेव्हा तशाच अवस्थेतल्या मुलीला आपल्याकडे डॉक्टरच्या हातून कायद्याने सुटका मिळू शकत होती. फ्रान्सला तिथवर यायला 1975 उजाडलं.

आता मथळ्याचा मुद्दा, ‘कामं आटली’. यासाठी वाद घालायची गरज नाही, सेरिगच्या सिनेमांची सालं पुरतात. 1961 मध्ये दिग्दर्शक आलँ रेनेचा ‘मारिएनबाद’, त्याला व्हेनिसचा सुवर्णसिंह. 1963 मध्ये त्याच्याच ‘म्युरिएल’साठी तिला व्हेनिसला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान. 1968 मध्ये त्र्युफोचा सिनेमा. जाहीरनाम्यावर सही 1971 मध्ये. आणि त्यानंतर? 1972 मध्ये दिग्दर्शक बुन्युएलचा तो सिनेमा, ज्याला परदेशी चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. 1973 मध्ये ‘द डे ऑफ द जॅकल’. 1975 मध्ये मार्गरित द्युरासचा ‘इंडिया साँग’ आणि शांताल आकेरमानचा ‘झान दिएलमान’. त्या दुसऱ्या सिनेमाला 2022 मध्ये ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या जगभरच्या समीक्षकांनी आजवरचा सर्वोत्कृष्ट ठरवलं. सव्वातीन तासांहून मोठ्या त्या सिनेमात ती बटाटे सोलते, बूट पॉलिश करते, अंथरूण घालते, आणि आपली नजर हलत नाही. कामं आटलेल्या बाईची ही यादी आहे?

एवढं मात्र कबूल करावं लागेल की 1975नंतर मोठ्या निर्मात्यांची कामं तिच्याकडे कमी झाली. पण क्रम बघा. आधी ती बोलली, कामं नंतर कमी झाली. मेसेज लिहिणाऱ्याने परिणाम आधी आणि कारण मागाहून ठेवलंय, आणि सगळं दुकान त्या एका उलटापालटीवर चाललंय.

मेसेजात सेरिगला ‘पुरुषद्वेष्टी’ही म्हटलंय, तो मुद्दा एका व्हिडिओवरून आलाय. 1976 मध्ये तिने आणि व्हिडिओपट करणाऱ्या कारोल रुसोपुलोसने अमेरिकन लेखिका व्हॅलेरी सोलानासच्या ‘स्कम मॅनिफेस्टो’ या पुस्तकावर तो केला. सेरिग वाचते, रुसोपुलोस टाइपरायटरवर उतरवते, आणि टेबलावरच्या टीव्हीत बातम्या चालू असतात. ते मूळ लिखाण पुरुषांबद्दल जहाल आहे, यात वाद नाही. मलाही त्यातलं निम्मं पटत नाही. पण फ्रेंचमध्ये ते पुस्तक मिळेनासं झालं होतं म्हणून त्यांनी ते वाचून दाखवलं. एखादा मजकूर वाचून दाखवणं म्हणजे त्यातली प्रत्येक ओळ आपली मानणं, असं धरलं तर आपल्या निम्म्या कीर्तनकारांची पंचाईत होईल.

राहिलं दिग्दर्शन. मेसेज म्हणतो, ‘कॅमेरा मांडून बायकांना बोलतं केलं, याला दिग्दर्शन म्हणत नाहीत.’ तिने फार सिनेमे केले नाहीत, हे खरं. जुन्या अमेरिकन सरहद्दीवर गाजलेल्या कॅलॅमिटी जेन या बाईवर तिला सिनेमा करायचा होता, तो झालाच नाही. पण जे केलं ते बघा तरी! खांद्यावर घेता येईल असा सोनीचा व्हिडिओ कॅमेरा तेव्हा नुकता बाजारात आला होता. रुसोपुलोसने तो बायकांना शिकवला, सेरिग शिकणाऱ्यांतली. 1982 मध्ये आणखी एक मैत्रीण इओआना विएडेरला घेऊन या दोघींनी पॅरिसमध्ये सिमोन द बोव्हारच्या नावाचं दृकश्राव्य केंद्र काढलं, बायकांच्या चळवळीच्या चित्रफिती जपायला. ते आजही चालू आहे.

आणि तो माहितीपट, ‘सुंदर दिस आणि गप्प बस’. 1975-76 मध्ये पॅरिस आणि अमेरिकेत टिपलेला, 1981 मध्ये लोकांसमोर आलेला. कृष्णधवल, आवाज खरखरीत, जवळजवळ दोन तास फक्त चेहरे. वीसहून अधिक अभिनेत्री. सेरिग विचारते, मुलगा असतीस तर या धंद्यात आली असतीस का? बहुतेकजणी नाही म्हणतात. मारिया श्नायडर सांगते, तिच्याकडे भूमिका येतात त्या वेड्या बायकांच्या, खुनी बायकांच्या.

जेन फोंडाचा भाग मी भाचीबरोबर तीनदा पाहिला. वॉर्नर ब्रदर्सच्या मेकअपच्या खुर्चीतला पहिला दिवस ती अस्खलित फ्रेंचमध्ये सांगते. आरशात पाहिलं तर स्वतःची ओळख पटेना. केस सोनेरी करा, छातीला भर घाला. गाल खोल दिसावेत म्हणून दंतवैद्याकडून जबडा मोडून घ्या, असंही सुचवलं. सांगताना ती स्वतःच्या गालावर बोट ठेवते. सेरिग तो चेहरा कापत नाही, वर संगीत घालत नाही, नुसती ऐकत राहते. एवढ्या नट्यांनी तिच्यासमोर हे बोलावं, कारण समोर बसलेली बाई त्याच खुर्चीत बसून आलेली होती. दिग्दर्शन दुसरं काय असतं? 2024 मध्ये फ्रान्सच्या चित्रपटगृहांत तो दुरुस्त प्रतीतून पुन्हा लागला.

भाचीला मी फोनवर एवढंच म्हटलं, कार्यक्रम होऊ दे. दुसऱ्या दिवशी तिने मला उपशीर्षकांतली एक ओळ पाठवली. ‘जबडा तोडून’ लिहू की ‘जबडा मोडून’? मी ‘मोडून’ म्हटलं. शनिवारी संध्याकाळी सहाला आहे. भाऊजी, पुढच्या रांगेत तुमच्यासाठी एक खुर्ची धरून ठेवते.